आनि जेवतोस कोनाकडं?

तांडेलबाई स्टाफरूममध्ये कुणालाच नावानं हाक मारायच्या नाहीत. विषयानं मारायच्या. "ए केमिस्ट्री, पंखा लाव." "ए भूगोल, तुझी छत्री माझ्या पर्सवर गळतेय." विरारच्या त्या ज्युनिअर कॉलेजात मी रुजू झाले त्याच दिवशी मी 'मराठी' झाले, आणि नोकरी सोडेपर्यंत मराठीच राहिले. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, देव जाणे.

हाक मारायच्या म्हणजे पुटपुटायच्याच. बाई अंगानं चांगल्या दणकट, अंबाड्यावर अबोलीची वेणी, चालताना जिना हलायचा. पण आवाज असा बारीक की समोरच्यानं कान पुढे करावा. इलेक्ट्रॉनिक्स शिकवायच्या. त्यांच्या तासाला मागच्या बाकावरची पोरं आपणहून पुढे येऊन बसायची. प्राचार्यांना वाटे, काय ही विषयाची गोडी! गोडी कसली, मागं काही ऐकूच यायचं नाही.

पहिल्या दिवशी डबा उघडता उघडता त्यांनी मला विचारलं, "कोणाची गं तू?"

मी तडकले. मला वाटलं, कुणाच्या वशिल्यानं आलीस असं विचारतायत. म्हटलं, "कोणाचीच नाही. मुलाखत देऊन आलेय."

बाई हसल्या. हसणंही बिनआवाजी, नुसते खांदे हलायचे. "तसं नाही गं बाय. घर कुठलं?"

"बोळिंजला फ्लॅट आहे."

"फ्लॅट कोणाचा ते नाही विचारलं. तू कोणाची?"

मग त्यांनी समजावलं. बाई अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातल्या. तिथं अख्ख्या गल्लीचं आडनाव एकच. आडनावानं शोधायला गेलात तर नवा पोस्टमन रडकुंडीला येतो. म्हणून प्रत्येक घराला वेगळं नाव: जांभळीखालचे, विहिरीवाले, मोठ्या होडीचे. रस्त्यानं पोरगं दिसलं की म्हातारी माणसं विचारणार, "कोनाचा रं तू?" पोरानं घराचं नाव सांगितलं की मग त्याच्या आज्याची गंमत, आत्याचं लग्न, सगळं ओघानं निघणार. मी आपली साताऱ्याकडची, लग्न होऊन इथं आलेली, सासर नोकरदार. माझ्याकडे सांगायला घराचं नावच नव्हतं. बाईंनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "म्हणजे अजून ओळख पटली नाही." आणि माझ्या डब्यात सुकटीची चटणी वाढली. मी तोवर सुकट कधी तोंडात घातली नव्हती. घातली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितली.

'अजून ओळख पटली नाही' हे त्यांचं लाडकं वाक्य. ते माणसांपेक्षा लॅपटॉपांना जास्त लागायचं.

तेव्हा विरारमध्ये घरोघरी लॅपटॉप यायला लागले होते. कुणी ऑफिसातून जुना आणायचं, कुणाचा भाऊ आखातातून पाठवायचा. आणि बाईंना लिनक्सचं वेड. विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी यंत्रणा, पण फुकट, आणि आतलं सगळं उघडं, कुणीही वाचावं, कुणीही बदलावं. हे मला त्यांनीच सांगितलं. अडचण एवढीच, की लॅपटॉप बनवणारे सगळी सोय विंडोजची करून ठेवायचे. लिनक्स घातलं की आज आवाज बंद, उद्या कॅमेरा बंद, परवा इंटरनेट बंद. एकेक भागाला हाताला धरून कामाला लावावं लागायचं. बाकीचे लोक हे करताना शिव्या घालत. बाईंना तो भाग सगळ्यात जास्त आवडायचा.

"चालत नाही असं म्हणायचं नाही, मराठी," त्या मला दटावायच्या. "ओळख पटली नाही असं म्हणायचं."

त्यांच्या पर्समध्ये कुंकवाची एक जुनी डबी असायची. एकदा हळदीकुंकवाला कुणीतरी ती विश्वासानं उघडली तर आत लॅपटॉपचे बारीक बारीक स्क्रू. कुणाचाही लॅपटॉप हातात आला की बाई आधी त्याला कान लावायच्या, मग चालू करायच्या, आणि काळ्या पडद्यावर एक आज्ञा द्यायच्या. तिनं मशीनमधल्या सगळ्या भागांची नावं पडद्यावर उतरायची. बाई ती हजेरीसारखी वाचायच्या. त्यांचा आनंद मोजायची माझी एक खूण होती. एरवी वर्गात त्या पुस्तकी बोलायच्या, ण ला ण. पण मशीननं काही नवल दाखवलं की घरची बोली वर यायची आणि ण चा न व्हायचा. "अगं, कोन हा? कुठनं आला?" असं ऐकू आलं की समजावं, आज बाईंचा डबा राहणार.

प्राचार्यांच्या लॅपटॉपची गंमत अख्ख्या कॉलेजला पाठ होती. संस्थेनं त्यांना नवा लॅपटॉप दिला आणि काटकसर म्हणून बाईंनी त्यात लिनक्स घालावं असं ठरलं. सगळं सुरळीत झालं. शेवटी कॅमेरा लावून बघितला तर पडद्यावर प्राचार्य उलटे! टक्कल खाली, टाय वर. दारात पोरांची ही गर्दी. प्राचार्यांनी मान वाकडी केली तर पडद्यावरची मान भलतीकडेच वाकडी झाली. पोरं लोळायची बाकी राहिली.

दुसरं कुणी घाईघाईनं झाकण लावलं असतं. बाई खुर्ची ओढून समोर बसल्या. "सर, हलू नका हं. उलटे का दिसता ते मला कळू दे."

"अहो तांडेलबाई, आधी सुलटा करा!"

"करीन हो. पन का?"

पन! झालं, म्हटलं, आता सुटका नाही. तो अख्खा दिवस बाई त्यात गेल्या. संध्याकाळी उत्तर घेऊनच स्टाफरूममध्ये आल्या. लॅपटॉप बनवताना जागा पुरेना, म्हणून कॅमेरा उलटा बसवलेला होता. विंडोजमध्ये कंपनीनं गुपचूप चित्र सुलटं करून दाखवायची सोय केली होती. लिनक्सला हे कुणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे ते बिचारं जसं दिसतं तसं दाखवत होतं. "खोटं कोन बोलत होतं बघ मराठी," त्या इतक्या खूश होऊन म्हणाल्या, की प्राचार्यांना सुलटं करायचं त्या दिवशी विसरूनच गेल्या. प्राचार्य दुसऱ्या दिवशी दुपारी सुलटे झाले.

अशा बाई एकदा आठवडाभर डबा न उघडता बसल्या, आणि त्यात ण चा न काही झाला नाही. मी विचारलं तेव्हा कळलं, आईचं घशाचं ऑपरेशन झालं. आवाजाची पेटीच काढली.

बाईंची आई म्हणजे सोनाबाय. आगाशीच्या नि बोळिंजच्या बाजारात मासळी विकायची. मी तिला ऑपरेशनच्या आधी कधी पाहिलं नव्हतं, पण आमच्या सोसायटीतल्या जुन्या बायका सांगायच्या, की सोनाबाय नाक्यावर ओरडली की तिसऱ्या मजल्यावरच्या बाईला कळायचं आज पापलेट आहे की बोंबील. "तिच्यापुढं घरात दुसऱ्या आवाजाला जागाच नव्हती," बाई म्हणायच्या. "मी पुटपुटते ती काय उगाच?" बाजार सुटल्यावर म्हातारी संध्याकाळी घराच्या ओट्यावर बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक पोराला अडवायची. कोनाचा रं तू? पोरानं घराचं नाव सांगितलं की लगेच दुसरा प्रश्न. "आनि जेवतोस कोनाकडं?" कारण पोर जन्मानं एका घरचं असायचं, पण वाढायचं मामाकडे, नाहीतर दत्तक दुसऱ्या घरी. सोनाबायचं म्हणणं, पहिल्या प्रश्नानं नुसतं नाव कळतं, माणूस दुसऱ्यानं कळतो.

ऑपरेशननंतर सोनाबाय ओट्यावर बसायची बंद झाली. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. ताट तसंच परत यायचं. डॉक्टर म्हणाले, जखम भरली, आता काही दुखणं नाही. पण म्हातारी रोज थोडी थोडी कमी होत होती. "ओरडणं गेलं त्याचं तिला काही नाही गं," बाई म्हणाल्या. "विचारणं गेलं. कोणी दारावरून जातं आणि तिला कळत नाही कोण गेलं. अशी ती राहायची नाही." हे सांगताना बाईंचे डोळे भरून आले. मी पहिल्यांदाच त्यांना तसं बघत होते.

मग बाईंनी ठरवलं, आईला आवाज द्यायचा. बोळिंजच्या एका नोकरदाराकडून त्यांनी वापरलेला लॅपटॉप घेतला. लिहिलेलं मराठी मोठ्यानं वाचून दाखवणारा एक फुकटचा प्रोग्राम बाईंना सापडला होता, आणि तो लिनक्सवरच चालायचा. सोनाबायला लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणून बाईंनी एकेका बटणावर एकेक वाक्य बांधलं आणि बटणांवर चित्रांचे स्टिकर लावले. पेल्याचं चित्र दाबलं की पाणी दे. मांजराचं दाबलं की हाकल तिला. आणि मधोमध मोठं सुरमईचं चित्र, ते दाबलं की कोणाचा रे तू.

मी विचारलं, "अहो, इतकं कशाला? तुमच्याच आवाजात वाक्यं भरून द्या की."

"विचारलं मी तिला. तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला." बाई म्हणाल्या. "दुसऱ्याचा आवाज आपल्या तोंडातनं येणं म्हणजे अंगात आल्यासारखं वाटत असणार तिला. मशीनचा आवाज कोणाचाच नाही. तो कदाचित तिचा होईल."

सगळं तयार झालं, सुरमई दाबली, आणि लॅपटॉप गप्प. ओठ मिटून बसलेल्या पोरासारखा.

इयरफोन लावला तर त्यात आवाज अगदी स्पष्ट. काढला की स्पीकर मुके. म्हणजे आवाज होता, बाहेर पडत नव्हता. सोनाबायला इयरफोन लावून ऐकवलं तर तिनं तो काढून बाईंच्या कानात घातला आणि हात झटकला. स्वतःचंच बोलणं स्वतःला ऐकवून काय करायचं? तिचंही बरोबरच होतं.

बाईंनी मला कारण समजावलं, ते मला कळलं तेवढं सांगते. आवाजाची चिप एका कंपनीची असते, पण ती दहा कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये जाते, आणि जो तो तिच्या तारा आपल्या मनासारख्या जोडतो. लिनक्सला सांगावं लागतं, की ही जोडणी अमक्या घरची. त्या घरांच्या नावांची कंपनीवार भली मोठी यादी होती. बाई रोज दुपारी लॅबमध्ये झाकणावरच्या कंपनीखालचं एक नाव टाकायच्या, मशीन बंद करून चालू करायच्या, सुरमई दाबायच्या आणि कान लावायच्या. काही नाही. दुसरं नाव. काही नाही. मी पेपर तपासत शेजारी बसायचे. विरारच्या सायबर कॅफेत जाऊन त्यांनी कुठल्या कुठल्या देशांतल्या अनोळखी लोकांना विचारलं. त्यांनीही सभ्यपणे हात वर केले. त्या कंपनीखालची नावं संपली. बाईंनी पहिल्यापासून सुरू केली.

"बाई, मशीन बदलू या का?" मी भीत भीत म्हटलं.

"आई तोवर थांबेल का?" त्या म्हणाल्या. मी पुढचा पेपर ओढला.

त्या रविवारी मी अर्नाळ्याला त्यांच्या घरी गेले. मदत करायला म्हणे! मला कसली मदत जमणार, पण घरात त्यांना एकटीला बसवत नव्हतं. ओट्यावर जाळं वाळत पडलेलं, आत बाई लॅपटॉप घेऊन जमिनीवर बसलेल्या. आतल्या खोलीच्या दारातून सोनाबायची पाठ दिसत होती, मानेला पातळ पांढरं फडकं बांधलेलं. बाई तिच्या पाठीशीच बोलत होत्या, कंटाळून, अगदी घरच्या बोलीत.

"आये, मी काय करू गं? कोनाचा विचारलं की नाव सांगतो. नाव खरं हाय. पन त्या नावाच्या घरात नेला की कोनी ओळखत नाही."

पाठ हलली. सोनाबाय वळली. तिनं बाईंकडे बघितलं, लॅपटॉपकडे बघितलं, आणि हाताची बोटं एकत्र करून तोंडाकडे नेली.

बाई ताडकन उठल्या. किती दिवसांनी आईनं आपणहून खायला मागितलं! घाईघाईनं भात आणि वर कालवण वाढून पुढं ठेवलं. सोनाबायनं ताट बाजूला सारलं. परत तीच खूण, बोटं तोंडाकडे. बाईंनी पेज आणली. म्हातारी चिडली. तिनं पेजेचा वाडगा असा ढकलला की माझ्या साडीवर सांडला, आणि हनुवटीनं लॅपटॉपकडे दाखवत तिसऱ्यांदा तीच खूण केली. रागानं तिचे डोळे नुसते पेटले होते.

बाई वाडग्याकडे बघत तशाच उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "जेवतोस कोनाकडं?"

सोनाबायनं कपाळावर हात मारला. कळलं बाई एकदाचं, असा.

बाई धावत मशीनपाशी आल्या. भागांच्या हजेरीत आवाजाच्या चिपचं नाव होतं, ते त्यांनी कितीदा तरी वाचलं होतं. ती चिप ज्या बोर्डावर बसलीय तो बोर्ड कोणी बनवला, हे सांगणारी ओळ त्याच नावाच्या खाली होती. तिच्याकडे त्यांनी बघितलंच नव्हतं, कारण लॅपटॉपच्या झाकणावर कंपनीचं नाव ठळक छापलेलं होतं. झाकणावरची कंपनी एक, आणि खालच्या ओळीत नाव भलत्याच कंपनीचं! कुणा दुसऱ्याकडून लॅपटॉप बनवून घेऊन यांनी वर आपलं नाव चिकटवलं होतं. "दत्तक हाय गं हा!" बाई किंचाळल्या असत्या, पण किंचाळणं त्यांना जमत नव्हतं, तेही पुटपुटल्याच. त्यांनी त्या दुसऱ्या घराचं नाव टाकलं, मशीन बंद केलं, चालू केलं, आणि सुरमई दाबली.

"कोणाचा रे तू?"

असा खणखणीत आवाज आला की बाहेरचे कावळे उडाले. मी टाळ्या पिटल्या. बाई रडत होत्या आणि हसत होत्या. आणि सोनाबाय? तिनं तोंड वाकडं केलं, मान हलवली आणि परत भिंतीकडे वळायला लागली.

"आता काय झालं गं आये?"

म्हातारीनं जिभेला बोट लावलं, मग मशीनकडे दाखवलं, मग माझ्याकडे. बाईंना कळेना. मला मात्र लगेच कळलं. मी मराठीची शिक्षिका, 'पानी'चं 'पाणी' करण्यात माझी कितीतरी लाल पेनं संपलीत. "बाई," मी म्हटलं, "मशीन माझ्यासारखं बोलतंय. ण काढा."

बाईंनी ण पुसला, न घातला. 'रे'चं 'रं' केलं. मग पेल्याखालचं 'पाणी'ही 'पानी' केलं, आणि मी शेजारी बसून कुठे एकही ण राहिला नाही ना ते तपासलं. असं शुद्धलेखन मी आयुष्यात तपासलं नव्हतं.

"कोनाचा रं तू?"

सोनाबाय ऐकत राहिली. तिनं स्वतः एकदा सुरमई दाबली. पुन्हा दाबली. मग उठली, लॅपटॉप कडेवर पोर घ्यावं तसा घेतला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसली. वायर पुरेना, म्हणून बाईंनी खिडकीतून दुसरी काढली. रस्त्यानं पहिलं पोरगं आलं ते आवाज ऐकून पळूनच गेलं. दुसरं थबकलं, लॅपटॉपकडे बघितलं, सोनाबायकडे बघितलं आणि तिलाच उत्तर दिलं, "विहिरीवाल्यांचा." म्हातारीनं बाईंना हाक मारल्यासारखा हात हलवला. पुढचा प्रश्न कुठंय? तो अजून बांधलाच नव्हता. बाईंनी तिथंच ओट्यावर बसून सुरमईच्या शेजारी ताटाचं चित्र लावलं.

त्यानंतर सोनाबाय जेवायला लागली. आणखी दोन-तीन वर्षं जगली, आणि ती ओट्यावरच जगली. कधी घाईत बोट चुकायचं आणि मांजराला विचारलं जायचं, कोनाचा रं तू, आणि आलेल्या पाहुण्याला, हाकल तिला. गावात कुणी रागावलं नाही. लॅपटॉपला सगळे 'सोनाबायची पेटी' म्हणायला लागले. बाई सोमवारी वर्गात या गमती सांगायच्या आणि सगळं सांगणं न मध्ये चालायचं. पोरं पुढच्या बाकांवर गर्दी करून, कान देऊन हसायची.

सोनाबाय गेली ती झोपेत. मी तेव्हा नेमकी गावी होते. नंतर वर्षभरात आमचं पुण्याला जायचं ठरलं आणि बाईंचा निरोप घ्यायला मी अर्नाळ्याला गेले. लॅपटॉप कपाटावर होता, त्यावर हाताने विणलेला रुमाल. मी म्हटलं, एकदा लावू या? बाईंनी मान हलवली. "बॅटरी गेलीय," त्या पुटपुटल्या, आणि थोड्या वेळानं, "आणि तो आवाज तिचा आहे." मला सुकटीची बरणी बांधून दिली. कुंकवाची ती डबी उघडून एक बारीकसा स्क्रूही दिला. कशाचा म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "ते मलाही माहीत नाही. तुला कळलं तर पत्र टाक."

एसटी त्यांच्या घराजवळच्या वळणावर उभी होती. मी खिडकीशी बसले. शेजारी टोपली मांडीवर घेऊन एक म्हातारी कोळीण. बसमधून तो ओटा दिसत होता. बाई मला सोडून परत गेल्या होत्या आणि ओट्यावर, आईच्या जागी टेकल्या होत्या. शाळेतून सुटलेली एक चिमुरडी दप्तर ओढत समोरून चालली होती.

"कोनाची गं तू?"

एसटीचं इंजिन चालू होतं, तरी तो आवाज त्याच्यावरून आला. ड्रायव्हरनं मागं वळून बघितलं. बाईंच्या तोंडून आलेला तो आवाज मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता. पोरगी काहीतरी म्हणाली.

"आनि जेवतेस कोनाकडं?"

शेजारच्या म्हातारीनं टोपली घट्ट धरली. "अगो बाय! सोनाबाय!" मग माझ्याकडे वळून घाबऱ्या घाबऱ्या म्हणाली, "पन ती तर गेली ना गं?"

"गेली," मी म्हटलं.

"मंग ही कोनाची?"

"तिचीच," मी म्हटलं, आणि बस सुटली.